गाडी का तापते? कुलंटबद्दल वाचकांचे प्रश्न

एप्रिल-मे आला की या सदराकडे येणारी बरीचशी पत्रं गाडी तापण्याची असतात. यंदा त्यांत एक विचारणा पुन्हा पुन्हा आली : कुलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, वरून घालायच्या अ‍ॅडिटिव्हच्या बाटल्या मिळतात, त्यांनी गाडी तापायची थांबते का? नाना पेठेतल्या वडिलांच्या रेडिएटरच्या दुकानात मी लहानाची मोठी झाले आणि आता सिंहगड रस्त्यावर स्वतःचं गॅरेज चालवते. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. पहिल्या पत्राचं उत्तर म्हणूनच जरा लांबलं आहे.

प्रश्न : ताई, माझी पेट्रोल गाडी आठ वर्षांची आहे. शहरात काही त्रास नाही. पण साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढायला लागलो आणि एसी चालू असला की काटा निम्म्याच्या वर सरकतो. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने ‘कूलिंग वाढवणारं’ अ‍ॅडिटिव्ह सुचवलं आहे. एक बाटली टाकली की काम झालं म्हणतो. मी दर महिन्या-दोन महिन्यांनी कुलंटची टाकी बघतो आणि कमी दिसलं की सोसायटीचं पाणी घालतो. बाटली घेऊ का?
— एक वाचक, वाघोली

उत्तर : तूर्त घेऊ नका. तुमच्या पत्रात मला खटकलं ते सोसायटीचं पाणी. वाघोलीकडे सोसायटीचं पाणी म्हणजे बहुधा बोअरचं, नाहीतर टँकरचं. खडकवासल्याहून येणारं नळाचं पाणी त्या मानाने मऊ असतं. जमिनीतून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. घरच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तसाच तो इंजिनातही चढतो, आणि इंजिनात तो कुणाला दिसत नाही.

असंच पाणी वर्षानुवर्षं प्यायलेला एक रेडिएटर मी गेल्या उन्हाळ्यात कापून बघितला. हल्लीच्या रेडिएटरच्या नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या, चपट्या. आतली फट जेमतेम एखाद-दीड मिलिमीटरची. बऱ्याच नळ्यांची तोंडं करड्या-पांढऱ्या खपलीने बुजली होती आणि खालच्या प्लास्टिकच्या टाकीत तपकिरी गाळ साचला होता. नखाने ती खपली निघेना. स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तेव्हा तिचे टवके उडाले. अशा थरातून उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने शंभरपटीच्या घरात कमी जाते. शहरात इंजिनवर भार नसतो, तोवर उरलेल्या उघड्या नळ्यांवर भागतं. घाटात खालच्या गिअरमध्ये इंजिन ओढ काढतं, वर एसीचा बोजा, आणि एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) नेमका रेडिएटरच्या पुढ्यात असल्याने आत येणारी हवाच तापलेली. मग काटा सरकतो. तुमचं वर्णन याच्याशी बरंच जुळतं.

आता कुलंटमध्ये असतं काय, ते सांगते, म्हणजे दुकानदाराच्या बाटलीचं मोल तुम्हालाच ठरवता येईल.

जाळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा कुलंटवाटे बाहेर टाकावी लागते. उष्णता वाहून नेण्यात साध्या पाण्याचा हात धरेल असं स्वस्त द्रव दुसरं नाही. त्यात निम्मं ग्लायकॉल (कुलंटमधलं मुख्य रसायन) मिसळलं की ही ताकद उलट थोडी कमी होते. बऱ्याच जणांना याचं आश्चर्य वाटतं, पण आहे ते असं. मग ग्लायकॉल घालायचं कशाला? थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून, हे एक. पुण्यात त्याची गरज नाही, म्हणून ‘आपल्याकडे कुलंट कशाला’ असं म्हणणारे मिस्त्री अजून भेटतात. दुसरं कारण आपल्या कामाचं आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं ग्लायकॉल घातलं की उकळबिंदू सात-आठ अंशांनी वर जातो.

त्याहून मोठा हातभार लावतं ते रेडिएटरचं किंवा कुलंटच्या टाकीचं झाकण. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. १.१ चं झाकण धड असेल तर आतलं नुसतं पाणीसुद्धा १२० अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणातली स्प्रिंग सैल पडली किंवा रबराचं वायसर चिरलं की हे वीस-बावीस अंश हातचे जातात आणि वाफ होऊन कुलंट कमी होत राहतं. तुमची टाकी सारखी का उतरते याचं उत्तर झाकणातही असू शकतं. नवं झाकण काही शे रुपयांत येतं. तरी माझ्याकडे येणारे लोक आधी शंभर गोष्टी बदलून आलेले असतात आणि झाकण मूळचंच असतं.

राहिली अ‍ॅडिटिव्हं. चांगल्या कुलंटच्या बाटलीत त्यांचा वाटा थोडाच असतो, शेकडा पाच-सातच्या घरात, पण खरी राखण तीच करतात. इंजिनचं हेड (वरचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक (खालचं धड) पुष्कळदा बिडाचा, जुन्या गाडीत हीटरची जाळी तांब्या-पितळेची, आणि या सगळ्यांतून एकच पाणी फिरणार. राखणीला कुणी नसेल तर एक धातू दुसऱ्याला खायला लागतो. सिलिकेटं अ‍ॅल्युमिनियमवर पातळ संरक्षक थर धरतात. टॉलिलट्रायझोल नावाचं रसायन तांब्या-पितळेला सांभाळतं. फेस होऊ नये म्हणून एक घटक असतो, कारण फेस म्हणजे हवा, आणि हवा उष्णता वाहून नेत नाही. आम्लता वाढू नये म्हणूनही सोय केलेली असते. ही मंडळी गाडी ‘थंड’ करत नाहीत. उष्णता बाहेर जायची वाट ती मोकळी ठेवतात. गंज नाही, खपली नाही, वॉटर पंपाच्या पात्यांना खड्डे नाहीत, म्हणून गाडी तापत नाही.

दुकानदार जी बाटली देतोय तिची जात बहुधा वेगळी आहे. तिच्यात पाण्याचा पृष्ठताण कमी करणारं रसायन असतं. हेडमध्ये एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला धातू इतका तापतो की तिथे पाण्याचे बारीक बुडबुडे धरतात. बुडबुडा धातूला चिकटून बसला की तेवढ्या जागी पाणी टेकत नाही आणि धातू आणखी तापतो. पृष्ठताण कमी असला की बुडबुडे लहान राहतात, लवकर सुटतात, पाणी पुन्हा धातूला भिडतं. शास्त्र खरं आहे, थोतांड नाही. शर्यतीच्या गाड्यांत ग्लायकॉल सांडून ट्रॅक निसरडा होऊ नये म्हणून पुष्कळदा नुसतं पाणी वापरतात, तिथे याचा उपयोग दिसतो. तुमच्या-माझ्या गाडीत ग्लायकॉल असतंच, त्याने पृष्ठताण आधीच थोडा उतरलेला असतो, त्यामुळे फरक पडला तरी थोडा. बुजलेल्या नळीतून मात्र ते पाणी जाऊ देणार नाही. सैल झाकण, मंदावलेला फॅन, अडकलेला थर्मोस्टॅट (तापमानानुसार कुलंटची वाट उघडणारी झडप) यांवरही त्याचा इलाज नाही.

म्हणून गाडी गॅरेजला न्या आणि हे सांगा : आधी प्रेशर टेस्ट करा, म्हणजे गळती कुठे आहे ते कळेल. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकाशी कुलंटचा वाळलेला ओघळ आहे का, तेही बघायला सांगा. बाहेर कुठेच गळती नसेल आणि तरी पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केटची (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) शंका घ्यायला हवी. इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, या तिच्या खुणा. झाकण बदला. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली जागा धुऊन घ्या. नगर रस्त्याची धूळ आणि किडे तिथे नमद्यासारखे बसतात आणि पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला आणि हलक्या दाबाने सोडायला सांगा. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्र्या मुडपतात. मग आतून फ्लश, शेवटचं खळखळणं बॅटरीच्या (डिस्टिल्ड) पाण्याने, आणि नवं कुलंट. भरल्यावर आतली हवा नीट काढली पाहिजे. हवा अडकून राहिली तर सगळं नवं घालूनही काटा चढतो आणि दोष मग कुलंटला लागतो.

एवढं करूनही रेडिएटर बुजलेलाच निघाला तर तो बदलावा लागेल. वडिलांच्या दुकानात तांब्या-पितळेचे रेडिएटर यायचे. टाकी उकलायची, नळ्यांतून पट्टी फिरवायची आणि पुन्हा डाग देऊन बंद करायचं. आताच्या अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरला ते दुसरं आयुष्य नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून कुलंट सांभाळण्याची गरज आज जास्त आहे.

प्रश्न : माझी गाडी फार चालत नाही. आठवड्यातून एकदा लक्ष्मी रोड नाहीतर मुलीकडे बाणेरला. कुलंट हिरवं आहे, सहा वर्षांत बदललेलं नाही. एका ठिकाणी दुर्बिणीसारख्या उपकरणातून बघून ‘उत्तम आहे’ म्हणाले. शेजारी म्हणतात, लाल घाला, ते चांगलं असतं. दोन्ही मिसळलं तर चालेल का?
— एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड

उत्तर : काका, ते उपकरण ग्लायकॉलचं प्रमाण दाखवतं. ग्लायकॉल सहजासहजी कमी होत नाही, त्यामुळे सहा वर्षांनीही उत्तर ‘उत्तम’च येणार. संपतात ती अ‍ॅडिटिव्हं, आणि ती त्या दुर्बिणीत दिसत नाहीत. जुन्या पद्धतीच्या हिरव्या कुलंटमधली सिलिकेटं थर धरता धरता वापरली जातात, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. दुसरीकडे ग्लायकॉल हळूहळू विटून त्यातून आम्लं तयार होतात आणि ती मारणारे घटक खर्ची पडतात. गाडी उभी असली तरी हे चालूच राहतं. म्हणून किलोमीटर कमी असले तरी वर्षं मोजायची. आम्लता बघायची असेल तर कागदाची पट्टी मिळते. बुडवायची आणि डब्यावरच्या रंगांशी ताडायची. तुमच्या बाबतीत मात्र पट्टीचीही गरज नाही, बदलून टाका.

रंगाचं म्हणाल तर तो नुसता रंग आहे. हिरवं, लाल, गुलाबी, निळं याला सगळ्या कंपन्यांना बांधणारा नियम नाही. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली, पाच वर्षांच्या आसपास टिकणारी कुलंटं बरेचदा लाल-नारिंगी असतात, यावरून ‘लाल चांगलं’ हा समज झाला. पण त्याच जातीचं हिरवंही मिळतं. मिसळू मात्र नका. दोन वेगळ्या जाती एकत्र आल्या की संरक्षणाची मुदत घटते, आणि काही जोड्यांत जेलीसारखा चोथा धरतो, तो बारीक नळ्यांत जाऊन बसतो. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलं असेल तेच घ्या. बाटलीवर भारतीय मानक आय. एस. ५७५९ किंवा जपानी जे. आय. एस. के २२३४ असा उल्लेख बघा. आणि एक नक्की तपासा : बाटली कॉन्सन्ट्रेटची आहे की तयार मिश्रणाची. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं बॅटरीचं पाणी घालायचं. तयार मिश्रणात थेंबभरही नाही, नाहीतर आधीच पातळ केलेलं आणखी पातळ होतं आणि अ‍ॅडिटिव्हं नावापुरती उरतात. फिल्टरचं पाणी चालेल का, असंही बरेच जण विचारतात. अडीअडचणीला चालेल, भरताना नको. बॅटरीचं पाणी स्वस्त आहे आणि कोपऱ्यावरच्या बॅटरीच्या दुकानात मिळतं.

प्रश्न : आमचा जुना डिझेल ट्रक मार्केट यार्डात भाजी आणतो. पाच वर्षं साध्या पाण्यावर चालतोय. गरम होत होता म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला. आता दुसरा मिस्त्री म्हणतो लायनरला भोकं पडली. पाण्याने लोखंडाला भोकं कशी पडतील?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : दादा, पडतात, आणि ती नुसत्या गंजाने पडत नाहीत. तुमच्या इंजिनात लायनरची (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याची) बाहेरची बाजू थेट पाण्यात असते. प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर बारीक थरथरतो. थरथरताना त्याच्या अंगालगत क्षणभर पोकळी होऊन वाफेचे बुडबुडे धरतात आणि लगेच फुटतात. तो फटका इतका जोराचा असतो की धातूचा कण न् कण उडतो. लायनर काढलात की एका बाजूला सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतील, बहुतेक पिस्टन ज्या बाजूला आपटतो तिथेच. शेवटी आरपार भोक पडतं आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं.

इथे अ‍ॅडिटिव्हचं मोल सगळ्यात जास्त आहे. मोठ्या डिझेल इंजिनांच्या कुलंटमध्ये नायट्राइट किंवा मॉलिब्डेटसारखे घटक असतात; ते लायनरवर एक चिवट थर धरतात, बुडबुड्यांचा मार थर खातो आणि पुन्हा भरून येतो. हे घटक खर्च होतात, म्हणून ट्रकसाठी ते वेगळे विकत मिळतात आणि ठरलेल्या अंतराने, पट्टीने तपासून, मोजून घालायचे असतात. जास्त घातले तरी गाळ होतो. नवे लायनर बसवाल तेव्हा हेवी ड्यूटी डिझेलचं कुलंट भरा. कारचं भरू नका.

थर्मोस्टॅट परत बसवून घ्या. तो काढल्याने इंजिन कायम गार राहतं, डिझेल जास्त लागतं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की बरंच पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथे फिरत राहतं आणि चढाला गाडी उलट जास्त तापते. जुना थर्मोस्टॅट खराब होता का, हे घरी कळतं. दोरीला बांधून पातेल्यात लोंबकळत ठेवा, बुडाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. त्याच्यावर ८२ कोरलं असेल तर ८२ अंशांच्या आसपास आतलं मेण फुगून झडप उघडायला लागली पाहिजे, आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडली पाहिजे. मला ही परीक्षा वडिलांनी शिकवली आणि आजही गॅरेजमधल्या मुलांकडून मी ती करून घेते.

प्रश्न : सासवडला जाताना दिवे घाटात काटा एकदम लाल रेषेवर गेला तर काय करायचं?
— एक वाचक, फुरसुंगी

उत्तर : एसी लगेच बंद. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. घामाघूम व्हाल, पण हीटरची जाळी हा छोटा रेडिएटरच आहे, थोडी उष्णता तिथून निघते. सुरक्षित जागा मिळताच बाजूला घ्या. वाफ दिसत असेल, कुलंट वाहून गेलं असेल किंवा काटा खाली येत नसेल तर इंजिन बंद करा. बॉनेट उघडा, झाकणाला हात लावू नका. दाब सुटला की आतलं पाणी क्षणात उकळून अंगावर येतं, चेहरे आणि हात भाजलेले मी पाहिले आहेत. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज हाताला सोसेल इतका गार झाला की जाड फडकं धरून झाकण हळूहळू सैल करा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेड वाकतं नाहीतर तडकतं. इंजिन गार झाल्यावर फक्त वरची भर म्हणून प्यायचं पाणी घातलंत तर चालेल, पण घरी आल्यावर ते काढून नीट कुलंट भरा.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे. तिला इंजिन नाही, मग कुलंटची टाकी कशाला?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : तुमच्या गाडीत बॅटरी, मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स यांना गार ठेवायला ते आहे. काही गाड्यांना वीज कमीत कमी वाहील असं खास कुलंट लागतं, त्यात नेहमीचं घातलं तर धोका होऊ शकतो. पातळी उतरलेली दिसली तर स्वतः काही भरू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा.

प्रश्न : गाडीखाली हिरवट डाग दिसतो. आमचा कुत्रा तिथेच बसतो. काही अपाय?
— एक वाचक, औंध

उत्तर : हो, मोठा अपाय. कुत्र्याला आज तिथे जाऊ देऊ नका. डाग बहुधा कुलंटचा आहे. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं म्हणून जनावरं चाटतात, आणि शरीरात गेल्यावर त्यापासून बनणारं ऑक्झॅलिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं. मांजरांना तर थोडंही पुरतं. चाटल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता थेट पशुवैद्यांकडे न्या आणि ‘कुलंट चाटलंय’ असं स्पष्ट सांगा. उपचार पहिल्या काही तासांतच नीट लागू पडतात. डागावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते टिपून घ्या, ते पिशवीत बांधा, मग जागा भरपूर पाण्याने धुवा. गळती आजच दुरुस्त करून घ्या. आणि कुलंट बदलताना जुनं गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर चिठ्ठी चिकटवा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये विचारून द्या.